आक्का, फुलात खोट नव्हती

आक्का,

काल सूर्यफुलं कापून खळ्यावर आणली. एकेक फूल हातात घेऊन पाहिलं. कडेच्या चार-पाच रांगा टच्च भरल्यात, काळ्याभोर. त्याच्या आत बोट दाबलं की टरफल दबतं आणि आत काही नसतं. मध्येच एखादा भरलेला दाणा लागतो, तो एखादी मधमाशी येऊन गेली असेल तिच्यामुळं. बाकी सगळं पोचट.

तू अंथरूण धरलंस त्या दिवसापर्यंतच्या रांगा भरल्यात. फुलोऱ्याचे पहिले चार-पाच दिवस आपण दोघींनी फुलांवरनं हात फिरवला. मग तुझे डोळे पिवळे झाले. मग दवाखान्याची धावपळ, मग तुझं सुतक. शेतात कुणी गेलंच नाही. सूर्यफूल थांबत नाही कुणासाठी. रोज आतली एक-दोन रांग उमलायची आणि वाट बघून मिटायची. तुझं दुखणं कधी सुरू झालं, हे आता प्रत्येक फुलावर दिसतंय.

"कसं हाय गं पीक?" आत्याबाईंनी ओसरीवरनं विचारलं. मी फुलंच बघत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. अलीकडं सासूपण विसरल्यासारख्या त्या कुणालाच दुसऱ्यांदा काही विचारत नाहीत.

तुला जाऊन महिना होत आला. जी बोलणी तुझ्याशी व्हायला हवी होती ती राहून गेली, म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं. तुझ्या भावाची पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे. हे पत्र मात्र मीच लिहायचं आणि मीच वाचायचं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली मी तुझ्या घरात सवत म्हणून आले. एकोणीस वर्षांची होते, सातवी शिकलेली. कुंडलकडची मी, उसाच्या आणि पाटाच्या पाण्याच्या गावातली. वडील नव्हते. चुलत्यांनी जमवलं. माणूस पलटणीतनं पेन्शन घेऊन आलाय, म्हसवडजवळ जमीन आहे, पहिल्या बायकोला बारा वर्षांत मूल नाही. एवढंच मला सांगितलं. कायदा काय म्हणतो ते कुणी विचारलं नाही, आणि मला काय वाटतं ते तर नाहीच.

मला ओवाळायला ताट घेऊन तूच दारात आली होतीस. आत्याबाईंनी ते तुझ्या हातातनं काढून घेतलं. "तू नगं, हौसा. शेजारच्या सुनंला बलव." तू हात पदराला पुसलेस आणि वरणाला उकळी आली का बघायला आत गेलीस. जसं काही तेवढंच काम राहिलं होतं.

सवतीच्या हातचं खाऊ नको, असं चुलतीनं मला बजावून पाठवलं होतं. पहिले तीन दिवस आत्याबाईंनी थापलेली भाकरी तेवढी मी खाल्ली. तू ओळखलंस. चौथ्या दिवशी माझ्या ताटातला तुकडा मोडून आधी तू खाल्लास आणि म्हणालीस, "मेले तर मी आदुगर मरीन. खा आता."

खाल्लं मी. तुझ्याइतकी पातळ भाकरी या घरात कुणाला येत नाही. मलाही आली नाही शेवटपर्यंत.

तुझं नाव हौसाबाई. पण गावात तुझं नाव दुसरंच होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पाठ वळली की म्हणत. बारशाला तुला बोलावणं नसायचं. कुणाची ओटी भरायची असली की बायका तुझ्याकडं न बघता तुला ओलांडून पुढं जायच्या. पेरणीला पाभर जुंपली तेव्हा चाड्यावर मूठ धरायला आत्याबाईंनी मला उभं केलं. तोवर त्या स्वतः धरायच्या. बारा वर्षं तू त्या शेतात राबत होतीस, खुरपत होतीस, कापत होतीस. पण मातीत बी सोडायला तुझा हात चालत नव्हता. तू बांधावर बसून आमची भाकरी राखत होतीस. त्या दिवशी मला, खरं सांगते, मोठेपणा वाटला होता. आज लिहिताना लाज वाटते. पण वाटला होता.

मग दुष्काळ. वर्षभर आपण दोघी खडी फोडायला जात होतो. त्याबद्दल काय लिहू? माझ्या हाताला फोड आले की माझ्या ढिगावर तू तुझ्या पाटीतली खडी ओतायचीस आणि मुकादमाला म्हणायचीस, "दोगींचा ढीग येकच हाय." तेव्हापासनं तू मला सवत वाटायची बंद झालीस. फक्त तसं म्हणायला मला पुढं आणखी दोन वर्षं लागली.

पाऊस परत आला त्या साली शेतकी खात्याकडनं नवं बियाणं आलं. सूर्यफूल. गावात कुणी ते पाहिलेलं नव्हतं. आपलं दोन एकर पिवळंजर्द झालं तेव्हा बाजाराला जाणारी माणसं वाट वाकडी करून बघायला येत. हे, म्हणजे आपले मालक, मिशीला पीळ देत बांधावर उभे राहायचे. आत्याबाईंनी पिकाची दृष्ट काढली. आणि मग खळ्यावर फुलं बडवली. तू सुपानं उफणायला घेतलंस आणि निम्म्याहून जास्त रास वाऱ्यावर निघून गेली. नुसतं फोलपट.

ह्यांनी ओंजळभर उचलून चोळलं आणि फेकून दिलं. "वांझोटं पीक. दिसायला देखणं, अन् पोटात काय न्हाई."

ते पिकाबद्दलच बोलले, हे मी आजही मानते. पण खळ्यावरच्या सगळ्यांनी तुझ्याकडं पाहिलं. मीसुद्धा पाहिलं. तू सूप खाली ठेवलं नाहीस. होतं तेवढं सगळं उफणून काढलंस, अंगावर फोलपटाचा थर साचेपर्यंत.

पंधरा दिवसांनी शेतकी खात्याचे साहेब सायकलवरनं आले. पोरसवदाच होते. ओसरीवर बसून ह्यांना समजावू लागले आणि तू चौकटीच्या आत उभी राहून ऐकत होतीस. एक सूर्यफूल म्हणजे एक फूल नव्हे, त्यात शेकडो बारीक फुलं असतात. कडेची आधी उमलतात, मग रोज आतल्या रांगा. प्रत्येक बारक्या फुलाचा एक दाणा. पण तो दाणा भरायला दुसऱ्या झाडाचे पराग, ती पिवळी भुकटी, तिथवर यावी लागते. स्वतःची स्वतःला चालत नाही. आणि ती आणायचं काम मधमाशीचं.

तू चौकट ओलांडून बाहेर आलीस. परक्या पुरुषासमोर तुला बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"आवं सायेब, मग फुलात खोट काय?"

"फुलात काहीच खोट नाही, बाई. फूल चांगलंच आहे. त्याच्यापर्यंत पराग पोचलेच नाहीत."

"दुस्काळात नदीकडंच्या झाडांस्नी फूल न्हवतं," तू म्हणालीस. "फूल न्हाई तर माशी ऱ्हाईल कशाला? वडावरचं मोहळ दोन सालांमागंच उठलंया." आणि मग तू भोपळ्याचं काढलंस. भोपळ्याच्या वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात, एकीच्या बुडाशी बारका भोपळा असतो आणि एकीच्या नसतो. बिनभोपळ्याची फुलं रिकामी म्हणून आत्याबाई सगळी भाजीला तोडायच्या, आणि मग उरलेल्या फुलांचे भोपळे बोटाएवढे होऊन कुजून पडायचे. "मी आत्यास्नी म्हनलं हुतं, ती बी ऱ्हाऊ द्या. वेलाला कायतरी लागत आसंल त्येंचं."

साहेब तुझ्याकडं बघतच राहिले. "शाळेत शिकलाय का तुम्ही?"

"न्हाई. वेलाजवळ बसलीया."

साहेबांनीच मग हातानं करायचं शिकवलं. तळहाताला मऊ कापड गुंडाळायचं. सकाळी दव वाळलं की उन्हं चढायच्या आत, एका फुलावरनं दुसऱ्या फुलावर हलका हात फिरवत जायचं. दिवसाआड, फुलोरा संपेपर्यंत. ह्यांना ते पटलं नाही. "फुलं कुरवाळत बसू व्हय आमी?" म्हणाले आणि उठून गेले. पुढच्या साली तू एकटीनंच ठरवलंस. ट्रंकेतनं ह्यांचा मलमलीचा पटका काढलास, माझ्या लग्नात बांधलेला, आणि टर्रकन दोन तुकडे केलेस.

"माजा पटका!" हे ओरडले.

"तिसऱ्यांदा लागनार हाय काय?" तू म्हणालीस.

आक्का, त्या दिवशी मी चुलीमागं तोंडात पदर कोंबून हसले होते. आणि ह्यांनी त्या तुकड्यांकडं पाहिलं. मान खाली घालून बाहेर गेले. का गेले ते मला आता कळतंय.

त्या सकाळी. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सकाळी कुणी मोजायला सांगितल्या तर मी त्याच सांगेन. फुलं आपल्या तोंडाएवढी आणि तोंडाच्या उंचीची. एका ओळीत तू, शेजारच्या ओळीत मी. हात, मनगट, नाकाचा शेंडा, सगळं पिवळं. तोवर मी तुला अहो-जाहोच करत होते. एक दिवस तुझ्या कोपरावर माशी बसली, दुष्काळानंतर आपण पाहिलेली पहिली माशी, आणि मी ओरडले, "आक्का, हलू नकोस!" तू हललीच नाहीस. माशी उडून फुलावर गेली, पायाला पिवळं लागलेली. मग म्हणालीस, "आत्ता कुटं तू भैन झालीस."

त्याच ओळीत, दोनच दिवसांनी, तू ते विचारलंस.

"इंदे, सायेब म्हनत्यात तसं मानसाचं बी आसंल का गं? फूल चांगलं आसंल, अन् येनारंच आलं न्हाई, आसं?"

"गप बस आक्का. आसलं बोलू न्हाई."

मी तुला गप्प केलं, कारण मला भीती वाटली. माझं लग्न होऊन चौथं वर्ष चालू होतं. महिन्याच्या महिन्याला मी बाहेर बसत होते. पाणवठ्यावर बायका आता माझ्या पोटाकडं बघायला लागल्या होत्या. तुझा प्रश्न खरा असला तर मी वाचणार होते, हे मला कळत होतं. आणि तरी तो खरा ठरू नये असं वाटत होतं. कारण खरा ठरला तर मला कधीच मूल होणार नव्हतं.

त्या साली पीक भरलं. तू फुलात बोट दाबलंस तर बोट मागं सरलं. खळ्यावर तू खाली बसलीस आणि रडलीस. मी तुला रडताना तेव्हाच पाहिलं, एकदाच.

सुगी झाल्यावर तू म्हणालीस, "तुज्या म्हायेरला जाऊन येऊ." घरी तेच सांगितलं. कुंडलला एक मुक्काम केला आणि तिथनं तू मला मिरजेला नेलंस. डॉक्टरीणबाईंचं नाव तू कुणाकडनं काढलं होतंस ते मला सांगितलं नाहीस. मी पायरीवर अडून बसले होते. "मला न्हाई जायाचं. तूच जा." तू माझा हात धरलास आणि आत ओढत नेलंस.

तीन दिवस तपासण्या झाल्या. शेवटी बाईंनी दोघींना समोर बसवलं. "दोघींमध्ये काही दोष नाही. आता नवऱ्याला घेऊन या. त्यांची तपासणी तर याहून सोपी आहे."

तू त्यांना परत विचारलंस. "माज्यात बी न्हाई? नीट बगितलंत न्हवं?"

"नीट बघितलं. तुमच्यात काही नाही."

मिरजेच्या स्टँडवर तू दोन गजरे घेतलेस, एक तुला आणि एक मला. एस.टी.त खिडकीशी बसून तू दर थोड्या वेळानं हात मागं नेऊन तो चाचपून बघत होतीस. विटा मागं पडलं, मग आपल्याकडचं माळरान दिसायला लागलं. वस्ती जवळ आल्यावर दोघींनी न बोलता गजरे काढले आणि खिडकीबाहेर टाकले.

त्यानंतर वर्षभर आपलं एकच भांडण चाललं. कधी चुलीपुढं, कधी खुरपताना, कधी धुण्याच्या दगडावर. तुला सांगायचं होतं. ह्यांना, आत्याबाईंना, निदान पाणवठ्यावर. मला सांगायचं नव्हतं.

"मोटं काय मागत न्हाई मी," तू म्हणायचीस. "ह्या गावात येकानं तरी मला म्हनावं की, हौसा, तुज्यात कायबी न्हवतं. मरायच्या आत येकदा ऐकायचंय मला."

"सांगून काय हुनार? मूल हुनार हाय? त्ये बिथरले तर मला कुंडलला धाडतील. तितं मला कोन हाय?"

मी किती वेळा हेच म्हणाले असेन. मला कोण आहे, मला कोण आहे. तुझ्यासमोर. जसं काही तू कुणीच नव्हतीस.

आणि मग एक दिवस, दसऱ्याच्या सुमाराला, घरं सारवताना, तू आपणहून म्हणालीस, "ऱ्हाऊ दे इंदे. तू म्हन्तीस तसंच. न्हाई सांगायचं." पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस. मी म्हटलं, चला, पटलं एकदाचं. मी जिंकले असं मला वाटलं. चार वर्षं वाटत राहिलं.

यंदा तुझे डोळे पिवळे दिसले तेव्हा आपण आधी पाल्याचं औषध दिलं. नंतर सातारला नेलं तोवर उशीर झाला होता. त्यांनी चार दिवस ठेवून घेतलं आणि घरी न्यायला सांगितलं. शेवटच्या दिवशी तू शुद्धीवर होतीस. "फुलं कुटवर आली?" विचारलंस. मी म्हटलं, "तू बरी हो, मग बगू." त्या दिवशी मला दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं. आक्का, तुझ्यात काही नव्हतं, आणि हे मी चावडीवर जाऊन सांगते, असं. शब्द जिभेवर होते. खोलीत आत्याबाई होत्या, शेजारणी होत्या. मी तुझ्या पायाला तेल चोळत राहिले.

दुपारी तू गेलीस.

नवऱ्याच्या आधी गेलीस म्हणून तुला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. आणि ज्या बायांनी जन्मात कधी तुझी ओटी भरली नाही, त्यांनी त्या दिवशी भरली. रांग लावून. आता तुझ्या ओटीची कुणाला भीती नव्हती.

दहाव्याला सगळे नदीवर गेलो. ह्यांनी पिंड ठेवला आणि मागं सरले, तोवर कावळा आला. वाट बघावी लागली नाही, काही कबूल करावं लागलं नाही. झडप घालून घेऊन गेला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. कुणीतरी म्हातारी म्हणाली, "कशात जीव आडकला न्हवता बाईचा. लेकरू न्हाई, बाळ न्हाई, आडकनार कशात? वांझंचं बरं आस्तंय."

मी कशी उभी राहिले मला आठवत नाही. आवाज माझाच होता, पण मी तो ओळखला नसता.

"आडकला हुता! जीव आडकला हुता तिचा. ती वांझ न्हवती. मिरजंच्या डॉक्टरीननं आमा दोगींस्नी तपासलंय. तिच्यात बी कायबी न्हवतं अन् माज्यात बी कायबी न्हाई. माज्यामुळं ती गप बसली. आता ऐका सगळ्यांनी. तिच्यात कायबी न्हवतं!"

नदीच्या वाळूत चाळीस-पन्नास माणसं उभी होती आणि सगळी खाली बघत होती. एका बाईनं माझा दंड धरून मला बसवलं. "दुक्कानं डोस्कं फिरलंय," असं मागं कुणीतरी म्हणालं.

परत येताना आत्याबाई मध्येच थांबल्या. लेकाच्या समोर उभ्या राहिल्या. "खरं का रं?"

ह्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडावरनं फिरवला. मग म्हणाले, "व्हय, आये. माज्यातच हाय. पलटनीत आसताना गालगुंड झालं हुतं, सूज पार खाली उतरली. तितल्या डॉक्टरानं तवाच सांगितलं हुतं, मूल हुनं कठीन हाय."

"अन् तरी दुसरी केलीस?"

"तूच मागं लागली हुतीस. माज्यानं सांगवलं न्हाई. वाटलं, डॉक्टरचं चुकलं बी आसंल."

आत्याबाई रस्त्यातच खाली बसल्या. मी ह्यांना विचारलं, "आक्काला ठावं हुतं?"

"सांगितलं हुतं मी तिला. चार सालांमागं. दसऱ्याच्या वक्ताला तिनं मला गाटून विचारलं, मिरजंचं सगळं सांगितलं. मी पाय धरलं तिचं. म्हनलं, गावात तोंड दाखवता येनार न्हाई मला. तर म्हनली, न्हाई सांगत. पन दोन गोष्टी कबूल करा. तिसरी आनायची न्हाई. अन् इंदीला ह्या घरात कुनी वांझ म्हनलं तर तुमी उबं ऱ्हायचं. आयेनं जरी म्हनलं तरी."

आक्का, मला तेव्हा आठवलं. खरंच मला कुणी म्हणालं नव्हतं. आठ वर्षं झाली लग्नाला, आणि या घरात तो शब्द माझ्या वाट्याला कधी आला नाही. आत्याबाई एकदा काही बोलायला गेल्या तर हे अंगावर धावून गेले होते, आणि मला वाटलं होतं की माझ्यावरच्या मायेपोटी. माझ्या वाटणीचा तो शब्दसुद्धा तू तुझ्याकडं घेतला होतास. खडीच्या ढिगासारखा.

मला तुझा राग येतो. हे लिहायलाच हवं, नाहीतर सगळं खोटं होईल. तू मला सांगायला हवं होतंस. चार वर्षं आपण एका चुलीपुढं बसलो, एका ओळीत हात पिवळे केले, आणि तू हे पोटात ठेवून माझ्याशी हसत होतीस. मी मूर्खासारखी सिद्धनाथाला नवस बोलत होते आणि तू माझ्याबरोबर देवळात येऊन नारळ धरून उभी राहत होतीस. मला कळलं असतं तर मी निघून गेले असते अशी तुला भीती होती का? की राहिले असते आणि जळत राहिले असते अशी? की एवढीशी आशा तरी माझ्याजवळ राहू द्यावी असं तुला वाटलं? यातलं कुठलं खरं ते आता मला कोण सांगणार?

आणि रागाच्या खाली पाहिलं तर तिथं राग नाही. तिथं तू आहेस, माझ्या ताटातला तुकडा आधी स्वतः खाणारी.

ह्यांच्याशी मी त्या दिवसापासून बोललेले नाही. ताट वाढते. ते खातात. आत्याबाई तुझ्या जागेवर, चुलीच्या डाव्या अंगाला, कुणाला बसू देत नाहीत. पाणवठ्यावर मी गेले की बोलणी थांबतात. पंधरा दिवस कुणी घराकडं फिरकलं नाही. वाटलं, मी केलेलं सगळं त्या नदीच्या वाळूतच राहिलं.

आज सकाळी मी खळ्यावर फुलं बडवत होते. वरच्या आळीतली सुमन आली. लग्नाला पाच वर्षं झालेली, तुला आठवत असेल, बारशाला आताशा तिलाही बोलावत नाहीत. बराच वेळ पोचट दाणे हातानं चाळत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "काकी, त्या मिरजंच्या डॉक्टरीनबाई आजून हायत का वो?"

मी मान वर केली. बांधापलीकडं तिचा नवरा उभा होता, टोपी हातात घेऊन. आत यावं की नाही अशा बेतानं.

"हायत," मी म्हटलं. "दोगंबी येनार?"

सुमननं मागं बघितलं. त्यानं मान हलवली.

हे गोठ्याच्या दाराशी उभं राहून ऐकत होते. खळ्याकडं आले नाहीत. तिथनंच त्या पोराला म्हणाले, "मी बी येतो तुज्यासंगं. आपलं आपन सांगायचं डॉक्टरला. बायामानसांनी किती येळा जायाचं?" मी त्यांना हो म्हणाले नाही, नको म्हणाले नाही. संध्याकाळी उद्याच्या वाटेसाठी भाकरी थापल्या त्या मात्र चौघांच्या थापल्या. जाडच झाल्या.

उद्या पहिल्या एस.टी.नं निघतोय. सुमन घाबरलेली आहे. जाताना मला विचारत होती, फार दुखतं का, काय काय विचारतात. मी तिला सगळं सांगितलं. एकच सांगितलं नाही, की मला तिथं कुणीतरी ओढत नेलं होतं, आणि पायऱ्या चढताना सगळा वेळ मी त्या बाईच्या हातातनं माझा हात सोडवून घेत होते.